चौथी वही

मोठबाच्या वह्या लाकडी पेटीत असायच्या. पेटीला कडी होती, कुलूप नव्हतं. मोठबा म्हणजे माझ्या वडिलांचा थोरला भाऊ भगवान, वरवट बकालच्या आमच्या गायन पार्टीचा म्होरक्या. वडील एसटीच्या वर्कशॉपात, आठवड्यातून एकदा घरी येणारे. त्यामुळे मला वाढवलं ते मायनं आणि मोठबानं. त्याची बायको मी रांगत होते तेव्हाच गेली, लेकरू झालंच नाही. दिवसा तो लोकांच्या संत्र्याच्या बागांना पाणी द्यायला जायचा आणि एक सरी भरून दुसरीत पाणी सुटेपर्यंत बांधावर बसून गाणी जुळवायचा. खिशात चुरगळलेले कागद, संध्याकाळी ते वहीत. रविवारी दुपारी पार्टी आमच्या ओसरीत बसायची. ढोलकी शेकायला माय चुलीतले निखारे घमेल्यात काढून द्यायची. हार्मोनियमची एक पट्टी कायम अडकायची, आणि ती अडकली की मोठबा गाता गाताच तिला करंगळीनं वर उचलायचा. मला कित्येक वर्षं ते गाण्याचंच अंग वाटायचं. आत डाळीचे फुणके वाफवत ठेवलेले असायचे, कढीला फोडणी बसली की ढोलकीवाल्याचा ठेका पळायला लागायचा आणि मोठबा म्हणायचा, "थांब बे, कढी कुठं जाऊन नाई राह्यली."

त्या वह्यांचा एक कायदा होता. तो कुणी लिहिला नव्हता. कोणत्याही गावची पार्टी आली आणि गाणं मागितलं की मोठबा वही काढून समोर ठेवायचा. बसा, उतरवून घ्या. शेवटच्या कडव्यात 'वरवटचा भगवान म्हणे' असं येतं ते बदलायचं नाही. बाकी आपल्या चालीत एखादा शब्द बसत नसेल तर बदलायला हरकत नाही, फक्त पुढच्या वेळी आलात की तो बदल मोठबाला गाऊन दाखवायचा. आणि ज्यानं उतरवून नेलं त्यानं पुढच्याला नाही म्हणायचं नाही. "मांगन त्याले द्या लागते," एवढंच तो म्हणायचा. एकदा त्याचंच एक गाणं अमडापूरहून एक कडवं जास्त घेऊन परत आलं. तिथल्या पार्टीच्या सुखदेवमामांनी ते जोडलं होतं. मोठबानं ते दोनदा म्हणवून घेतलं, आपल्या वहीत समासात लिहिलं आणि खाली टीप टाकली : हे कडवं सुखदेवचं, माझ्याहून बरं आहे.

चाळिशी उलटल्यावर मी पहिल्यांदा एका मोकळ्या सॉफ्टवेअरचा करारनामा शेवटपर्यंत वाचला. कुणीही वापरा, उघडून पाहा, बदला, मूळ करणाऱ्याचं नाव राहू द्या, आणि पुढच्याला हीच मुभा द्या. कचेरीत बसून वाचत होते. वाचता वाचता मला कढीचा वास आला. मी उठून बाहेर जाऊन उभी राहिले.

बारावीनंतर मी जळगाव जामोदला टायपिंग शिकले आणि तिथेच, शिकवणाऱ्या सरांच्या दुकानात लागले. बस स्टँडसमोरचा गाळा. पुढच्या भागात कॉम्प्युटरचा क्लास, मागे लग्नपत्रिका आणि सोसायट्यांच्या नोटिसा जुळवण्याचं काम. ते काम माझ्याकडे होतं. मराठीसाठी सरांनी एक सॉफ्टवेअर घेतलं होतं. त्याचं लॉक म्हणजे बोटाच्या पेराएवढी डबी, मशीनच्या मागे खुपसलेली. ती असेल तरच सॉफ्टवेअर सुरू व्हायचं, आणि त्यात केलेली फाइल त्यातच उघडायची. दुसऱ्या कशात उघडली तर नुसते चौकोन आणि फुल्या दिसायच्या. पण अक्षरं काय सुंदर होती त्याची. जोडाक्षरं अशी बसायची की जणू दगडात कोरलीत. गावाकडचं कुणी आलं की मी त्यांचं नाव टाइप करून, मोठं करून दाखवायची. ती माझी ऐट होती. आमच्या घरात कॉम्प्युटरला हात लावलेली मी पहिली, आणि ते कुणी विसरलेलं मला आवडलं नसतं.

मोठबाला तेव्हा काचबिंदू झाला होता. कडेनं अंधार येत येत मध्ये खिडकीएवढं राहिलं होतं. चौथी वही त्यानं त्या खिडकीतून लिहिली. चाळीस-पंचेचाळीस गाणी, मोठाली अक्षरं, बॉलपेन दाबून दाबून. पार्टीतले दोघं वारले होते, एक पोटासाठी सुरतेला गेला होता, त्यामुळे ही गाणी ओसरीत फारशी गायली गेली नव्हती. पहिल्या तीन वह्या गावोगाव उतरवल्या गेल्या होत्या. चौथी फक्त पेटीत होती. एका सकाळी मी बसला निघाले तर त्यानं ती पिशवीत घालून माझ्या हातात दिली.

"शीला, हे तुह्या कंपुटरात टाकून दे. त्याले उधई लागत नाई म्हनते."

"नाई लागत वाळवी मोठबा. पुस्तकच काढते मी याचं."

"काढ. पन वही वापस आनजो."

दुकानाच्या कामाची एक पद्धत असते. वहीची शिवण उसवायची, सुटं पान पडद्याशेजारच्या चिमट्याला लावायचं, टाइप झालं की त्यावर लाल पेनानं तिरपी रेघ मारायची, म्हणजे तेच पान दुसऱ्यांदा होत नाही. पत्रिकेच्या मजकुराचं मी तसंच करायची, मोठबाच्या वहीचंही तसंच केलं. दुपारी दुकान रिकामं असलं की एक-दोन गाणी होत. आधी मात्र पहिलं पान केलं. त्यावर मोठबाचं नाव, आणि खाली : संपादन कु. शीला. त्याच्याही खाली : सर्व हक्क स्वाधीन. हे शब्द मी इतर पुस्तकांवर पाहिले होते, पुस्तक म्हटलं की ते लागतात असं मला वाटायचं. माझ्या नावाचा टाइप निवडण्यात मी अख्खी दुपार घालवली होती. ती मला गाण्यांपेक्षा जास्त स्पष्ट आठवते.

सुखदेवमामांचा मिलिंद तेव्हा अमरावतीला इंजिनिअरिंग शिकत होता. तो सुट्टीत घरी आला, मोठबाला भेटून गेला आणि मी काय करतेय ते कळल्यावर दुकानात आला. सोबत एक सीडी.

"शीलाताई, हे टाकून पाह्य. याच्यात टाइप करून ठेव गानी."

"फुकटचं आहे का?"

"फुकट नाई, मोकळं. तुमच्या मोठबाच्या वहीसारखं. याले लॉक नाई, अन् फाइल कुठंई उघडते. वीस वर्सांनं उघडली तरी उघडन."

आम्ही ते टाकून पाहिलं. अक्षरं उमटली पण मोडकी. 'कि' लिहिलं की वेलांटी क-च्या मागे जाऊन बसायची, जोडाक्षरांचे पाय तुटून बाजूला पडायचे. सर मागून पाहत होते. ते म्हणाले, "फुकटच्या मालाचं असंच असतं इंजिनीअर साहेब," आणि मी हसले. मिलिंदचा चेहरा उतरला तरी तो म्हणाला, "आज मोडून राह्यले, उद्या नीट होतीन. लोक काम करून राह्यले त्याच्यावर. आतमदी गानं तर साबूत राह्यते ना. तुह्याकडं वरून झ्याक दिसून राह्यलं, पन चाबी दुसऱ्याच्या खिशात हाये." मी म्हटलं, मोठबाची गाणी असल्या पांगळ्या अक्षरात मला ठेवायची नाहीत. तो सीडी टेबलावर ठेवून गेला. मी तिच्यावर चहाचा कप ठेवायची.

काही दिवसांनी स्वतः सुखदेवमामा आले. अमडापूरहून दोन बस बदलून, डोक्याला रुमाल, खाकी पिशवीत कोरी वही. चौदा एप्रिलची जयंती जवळ येत होती आणि त्यांना नवी गाणी हवी होती. मोठबानं त्यांना सरळ दुकानात पाठवलं होतं, वही पोरीकडे आहे म्हणून. त्यांनी माझ्यासाठी मायनं दिलेली भाकर आणि मिरचीचा ठेचाही आणला होता. तो डबा मी घेतला. आणि म्हटलं, "मामा, पुस्तक निघणार आहे. निघाल्यावर घ्या ना. आत्ताच सगळीकडे गेली तर पुस्तकात नवं काय राहणार?"

त्यांनी टेबलाकडे पाहिलं. पानं तिथेच होती, चिमट्याला एक लावलेलंच होतं.

"मी इथंच बसून उतरवतो. दुपारच्या गाडीपरेंत दोन-तीन होतीन."

"नको ना मामा. हक्काचं असतं आता सगळं."

"कोनाच्या हक्काचं?" त्यांनी विचारलं. टोमणा नव्हता त्यात, खरंच विचारत होते. मी चिमट्याला लावलेलं पान सरळ केलं. मग ते उठले. "वरवटले गानं मांगतलं अन् नाई भेटलं, हे माह्यासंगं पैल्यांदाच झालं. तू भगवानले सांगू नको, त्याले वाईट वाटन." कोरी वही पिशवीत घालून ते स्टँडकडे गेले.

दिवाळीआधी सरांनी दुकान आवरायला काढलं. जुने प्रूफ, फाटकी रजिस्टरं, पत्रिकांचे कच्चे कागद, सगळं दोरीनं बांधून रद्दीत. इतकी वर्षं मी स्वतःला सांगत आले की वहीची पानं त्यात चुकून गेली. इथे खरं लिहिते. मी तो गठ्ठा पाहिला होता. वरच्याच पानावर मोठबाचं अक्षर होतं, त्यावर माझी लाल रेघ. उचलायला वाकायला हवं होतं. मला वाटलं, सगळं तर आत आहे, कुठे हे सुटे कागद सांभाळत बसायचं. मी म्हटलं, "घेऊन जा."

मोठबा मात्र रोज विचारायचा. वही आणली का. आणते. उद्या आणते. तोवर त्याच्या डोळ्यांतली ती खिडकीही मिटत आली होती. शेवटी मी क्लासच्या हजेरीचं एक जुनं रजिस्टर पिशवीत घातलं. तसंच लांबुळकं, तसाच लाल कापडाचा कणा. त्यानं ते मांडीवर घेतलं, उघडलं, पानावरून बोटं फिरवली. एक पान, दुसरं पान. मग नाकाशी नेलं.

"याले दुसराच वास येऊन राह्यला."

"दुकानातला वास आहे मोठबा."

"हाव. दुकानातलाच असन," तो म्हणाला, आणि रजिस्टर मिटून मला पेटीत ठेवायला दिलं.

पुस्तक निघालं नाही. आधी सर कामात होते, मग मुखपृष्ठ राहिलं, आणि पुढच्या उन्हाळ्यात एका दुपारी लाइनीचा दाब असा वाढला की गाळ्यातला पंखा जळाला, मशीन जळालं आणि मागची डबीही जळाली. फाइलची प्रत मी वेगळ्या सीडीवर काढून ठेवली होती, ती सुखरूप. फक्त ती उघडणारं काही उरलं नव्हतं. सरांनी कंपनीला पत्र लिहिलं. उत्तर आलं की ती आवृत्ती आता बंद, नवी घ्या. सरांनी नवी मागवून पाहिली. जुनी फाइल नवीत उघडेना. सर म्हणाले, "जाऊ दे शीला, तुझ्या मोठबाची वही आहेच की. पुन्हा टाइप कर." मी हो म्हटलं.

त्यानंतरच्या जयंतीच्या तोंडावर सुखदेवमामा पुन्हा आले, या वेळी सरळ घरी. मोठबा ओसरीत बाजेवर बसलेला, आता त्याला उजेड आणि अंधार एवढंच कळायचं. आनंदानं त्याचा आवाज चढला. "शीला, पेटी उघड. चौथी वही दे सुखदेवले. बस रे, फुरसतीनं उतरव." माय आत पीठ मळत होती. मी पेटी उघडली. दुसरं काही करता आलं असतं का, याचा मी पुष्कळ विचार केला आहे. करता आलं असतं. मी रजिस्टर काढून सुखदेवमामांच्या हातात दिलं.

त्यांनी उघडलं. मुलांची नावं, हजर, गैरहजर, महिन्याची बेरीज. त्यांनी दोन पानं उलटली, मग मान वर करून माझ्याकडे पाहिलं. मी जमिनीकडे पाहत होते.

"अक्षर लई मोठं काढलं तू, भगवान," ते म्हणाले.

"डोळे गेले ना बे. बारीक कसं लिहू?"

"बराबर हाये." सुखदेवमामांनी पिशवीतून आपली वही काढली, पेनाचं टोपण काढलं आणि रजिस्टर मांडीवर धरून म्हणाले, "पन वाचून चाल नाई समजत. तू म्हनून दाखव. सावकाश. मी पाह्यत राह्यतो इकडं." आणि मोठबा गायला लागला. हार्मोनियम नाही, ढोलकी नाही, बाजेच्या दांडीवर बोटं वाजवत. सुखदेवमामा ऐकत होते आणि लिहीत होते, मध्येच रजिस्टरचं पान उलटत होते, म्हणजे आवाज व्हावा. तीन गाणी झाली. मग मोठबाला धाप लागली आणि माय म्हणाली, आता पुरे, जेवा.

मी त्यांना स्टँडवर सोडायला गेले. गाडी लागली तेव्हा म्हणाले, "तीन भेटले. बाकीचे त्याच्या तोंडात हायेत. मानूस जिता हाये तोवर बसून घे पोरी. काई सांगू नको वाटलं तर नको सांगू. नुसती बस अन् म्हन, मोठबा गा."

नुसतं बसायचं होतं. त्यानंतर मोठबा एक वर्षभर होता. पण गा म्हटलं तर तो विचारेल, वहीत आहे ना, मग कशाला? आणि मग सगळं सांगावं लागेल. सकाळी मी घाईत असायची, संध्याकाळी थकलेली असायची. तो म्हणायचा, "शीला, बस जरा." मी म्हणायची, आले मोठबा. कधी कधी तो एकटाच बाजेच्या दांडीवर ठेका धरायचा, आणि मी आत भांडी घासताना नळ मोठा सोडायची. हे वाक्य लिहायला मला तेवीस वर्षं लागली.

तो गेला तेव्हा मायनं रजिस्टर त्याच्या उशाशी ठेवलं. लोक म्हणाले, वही संगं जाऊ द्या. मी नाही म्हटलं. सगळ्यांना वाटलं, पोरगी प्रेमानं जपून ठेवतेय.

गेल्या महिन्यात मिलिंदचा निरोप आला. सुखदेवमामाही आता नाहीत. मिलिंदनं त्यांच्या वह्यांमधली सगळी गाणी टाइप करून इंटरनेटवर ठेवली आहेत, मोकळी. कुणीही घ्या, गा, बदललंत तर कळवा, भगवानचं नाव काढू नका. मी पाहिली. वेलांट्या जागेवर आहेत, जोडाक्षरांचे पाय शाबूत आहेत; लोकांनी काम केलं, तो म्हणाला होता तसं. कोणकोणत्या गावांहून माणसांनी कडवी पाठवली आहेत. तीन वह्या पूर्ण आहेत. चौथीखाली तीनच गाणी. मिलिंदनं लिहिलं होतं : ताई, बाबांनी त्यांच्या वहीत या तीन गाण्यांखाली एक टीप लिहून ठेवली आहे, 'बाकीची शीलाकडं.' तुझ्याकडे असतील तर पाठव.

सुखदेवमामांना माहीत होतं. आणि त्यांनी लिहून ठेवलं ते एवढंच.

मी वरवटला गेले, पेटी उघडली. तिसऱ्या वहीची शेवटची पानं काढून उजेडात धरली. ती लिहिताना त्याचे डोळे जायला लागले होते. बॉलपेन इतका दाबलेला की पानाच्या मागून अक्षरं उठून आलेली. मी डोळे मिटून बोट फिरवलं. ओळ लागली. ओळ संपली तेही कळलं. मग रजिस्टर घेतलं आणि त्याच्या पानावरून बोट फिरवलं. गुळगुळीत. चौथ्या वहीत तर तो याहून दाबून लिहायचा. म्हणजे मी ते त्याच्या मांडीवर ठेवलं त्याच दिवशी, दोन पानांवरून बोटं फिरवली तेव्हाच, त्याला कळलं होतं. सुखदेवमामांना त्यानं ते काढून द्यायला लावलं, तेही कळूनच. आणि वर्षभर 'शीला, बस जरा' म्हणत राहिला, तेही.

मिलिंदला मी सगळं लिहून कळवलं आहे, इथे लिहिलं तसंच. त्या फाइलची सीडीही पाठवली, त्यानं दोन-तीन जाणकारांना दाखवली, अजून काही हाती लागलेलं नाही. टाइप करताना मी गाणी वाचली नव्हती, नुसती अक्षरं पाहिली होती, त्यामुळे डोक्यातही काही राहिलं नाही. एकाच गाण्याची सुरुवात राहिली आहे. ती मी ऐकली होती, नळ सोडायच्या आधी. मागितलं तर द्यावं लागतं, म्हणून देते.

पाटाचं पानी बापा, पुढल्या सरीले सोड,
तुही सरी भरली आता

दुसरी ओळ याच्यापुढे आणखी होती. मला तेवढीच ऐकू आली.